सही-शिक्क्यानिशी शुभेच्छा

१८४३ साली लंडनच्या हेन्री कोल यांच्याकडे उत्तर न दिलेल्या पत्रांचा ढीग साचला होता. तीनच वर्षांपूर्वी इंग्लंडात एका पेनीत देशभर कुठेही पत्र धाडायची सोय झाली होती. ती सोय व्हावी म्हणून खटपट करणाऱ्यांत हे कोलसाहेब स्वतः होते, आणि आता ओळखीपाळखीचा जो तो त्यांनाच पत्रं लिहीत सुटला होता. उत्तर न देणं हा तिथे असभ्यपणा. मग साहेबांनी जॉन हॉर्स्ली या चित्रकार मित्राकडून एक चित्र काढून घेतलं, त्याच्या हजारेक प्रती छापल्या, नाव लिहिण्यापुरती जागा मोकळी ठेवली आणि सगळ्यांची एका फटक्यात बोळवण केली. उरलेली कार्डं शिलिंगला एक या दराने विकायलाही काढली. छापून विकलेलं नाताळचं पहिलं शुभेच्छापत्र म्हणतात ते हेच. चित्रात सहकुटुंब वाइन पिणं चाललं होतं आणि एका पोराच्याही तोंडाला पेला लावलेला होता, म्हणून दारूबंदीवाल्यांनी ओरड केली. ते जाऊ द्या. सांगायचा मुद्दा असा की हे शुभेच्छापत्र जन्माला आलं तेच मुळी लिहायचा कंटाळा आला म्हणून.

हे मी माझ्या मामीला सांगितलं तेव्हा ती डोंबिवलीच्या घरात जेवणाच्या टेबलावर वाकून, चिमट्यात धरलेला मोहरीएवढा मोती एका कार्डावर चिकटवत होती.

"बोलू नकोस रे," ती म्हणाली, "श्वासाने हलतो तो."

मामीचा हा छंद मूळचा तिकडचा, अमेरिकेतला. रबरी ठसा शाईवर टेकवायचा, जाड कागदावर उठवायचा, उठलेलं चित्र रंगवायचं आणि त्याचं शुभेच्छापत्र करून कोणाला तरी पाठवायचं. आपल्याकडे तो आला व्हिडिओंतून. व्हिडिओतल्या बाईचं टेबल पांढरंशुभ्र असतं, त्यावर दाण्याचं कूट सांडलेलं नसतं, मागे कुकरची शिट्टी होत नाही. ती हसून सांगते की सुरुवात करायला तीनच गोष्टी लागतात: एक ठसा, एक शाई आणि एक कागद. ती खोटं बोलत नाही. तीनच लागतात. फक्त ठसा पारदर्शक असेल तर तो धरायला अ‍ॅक्रिलिकचा ठोकळा लागतो, ठोकळा आला की कागदाखाली अंथरायला मऊ फोमचा तुकडा लागतो, ठसा पुसायला ओली फडकी लागतात, शाई एकाच रंगाची ठेवली तर फूल आणि पान एकाच रंगाचं होतं, आणि कागद एकाने भागत नाही, कारण पहिला वायाच जायचा असतो.

पहिल्या कार्डाचा खर्च मामांनी काढला. सगळ्या सामानाची बेरीज केली आणि तिला एकाने भागलं. मामीचं म्हणणं पडलं की भागाकार चुकीचा आहे, हजार कार्डं होतील तेव्हा भागा. हजार हा बरोबर कोलसाहेबांचा आकडा.

मामा या छंदामुळे थोडे दुखावले होते. त्यांची सगळी नोकरी एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर गेली. आलेल्या प्रत्येक कागदावर गोल शिक्का, त्याखाली तारखेचा शिक्का, क्रमांक, सही. "जन्मभर शिक्के मारले, तेव्हा कोणी त्याला कला म्हणालं नाही," ते म्हणाले. "उलट घरी आलो की आधी हात धुवा म्हणायचीस."

"अहो, तुम्ही कागद अडवायला मारायचात, मी सजवायला मारते."

यावर मामांनी तपशिलापुरती दुरुस्ती केली. कागद अडवणारा शिक्का त्यांच्या टेबलावर नव्हता, तो आत साहेबांच्या केबिनमध्ये असायचा.

तरी मदत म्हणून त्यांनी कपाटातून आपलं जुनं स्टँप पॅड काढून दिलं. पत्र्याच्या डबीतलं, जांभळ्या शाईचं. नवशिक्यांनी इथे जरा थांबावं, कारण बहुतेकांची पहिली फजिती कचेरीच्या पॅडानेच होते. ती शाई पॅडात दीर्घकाळ ओली राहावी म्हणून बनवलेली असते. कागदावर चटकन वाळणं तिच्या रक्तातच नाही. फायलीच्या खरखरीत कागदात ती मुरून जाते. गुळगुळीत कार्डावर मात्र तशीच बसून राहते आणि ज्याचा हात आधी लागेल त्याच्याबरोबर निघून जाते. वरून जलरंगाचा ब्रश फिरवला की रेषा फुलासकट वाहते. कार्डाच्या शाया वेगळ्या. डाय शाई कागदात शिरते, लवकर वाळते, पण उन्हात विटते. पिगमेंट शाई कागदाच्या वर बसते, उठावदार दिसते, टिकते, पण वाळायला वेळ घेते. ठसा जलरंगांनी रंगवायचा तर पाण्याला दाद न देणारी शाई हवी, अल्कोहोलच्या मार्करने रंगवायचा तर अल्कोहोलला दाद न देणारी. "दोन्हींना दाद न देणारी मिळते का?" असं मामांनी विचारलं. त्यांना तसे एक साहेब आठवत होते.

रंगांच्या नावांनी तर मामा पुरते हरखले. टिम होल्ट्झ नावाच्या अमेरिकन कलाकाराने 'डिस्ट्रेस' म्हणून शायांची एक मालिका काढली आहे. पाणी लागलं की मुद्दाम पसरणाऱ्या, कागद जुनाट दाखवणाऱ्या. त्यातल्या एका रंगाचं नाव 'रस्टी हिंज', म्हणजे गंजकी बिजागरी. दुसरा 'पील्ड पेंट', पोपडे निघालेला रंग. तिसरा 'ब्रोकन चायना', फुटकी कपबशी. मामांनी डब्या हातात घेऊन एकेक नाव वाचलं आणि म्हणाले, "हे सगळं आपल्या चाळीत होतं. आपण दुरुस्तीसाठी अर्ज करत बसलो."

मग प्रत्यक्ष ठसा. कचेरीतला शिक्का मारायचा असतो, हा टेकवायचा असतो. सगळा फरक त्या एका मनगटात आहे. मामांनी पहिला ठसा उचलला तो खांद्यापर्यंत नेला आणि टेबलावरच्या बरण्या नाचतील असा हाणला. कागदावर ससा आला, त्याच्याभोवती ठोकळ्याची चौकट आली, आणि सशाला आणखी एक ससा चिकटून आला. मामीने त्यांना शिकवलं ते असं. ठसा मोठा असेल तर तो पॅडावर दाबू नये, ठसा उताणा धरून पॅडच त्याच्यावर हलक्या हाताने टिपावं, म्हणजे शाई कोपऱ्याकोपऱ्यात पोचते आणि खाचांत भरत नाही. कागदावर ठेवला की डोलवायचा नाही. सगळीकडून सारखा दाबायचा, श्वास सोडायचा, सरळ वर उचलायचा. नवाकोरा पॉलिमरचा ठसा सुरुवातीला शाई धरत नाही, शाईचे थेंब थेंब होतात. तेव्हा त्याच्यावरून एकदा खोडरबर हलकेच फिरवावं. काम झालं की लगेच पुसावा. आणि खिडकीत ठेवू नये, उन्हाने पिवळा पडतो. मामा म्हणाले की सरकारने शिक्क्याची एवढी काळजी घेतली असती तर जनतेची कामं झालीच नसती.

आठवड्याभरात गंमत उलटी झाली. दाबाचं गणित मामांना जमेना, पण ठसा सरळ बसवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. आखलेल्या रेघेवर, सहीच्या बरोबर डावीकडे, वरच्या शिक्क्याला धक्का न लावता, हे त्यांनी जन्मभर न बघता केलेलं. मामीचं 'हॅपी बर्थडे' दर वेळी डोंगर चढायचं किंवा उतरायचं. म्हणून तिने मिस्टी नावाचं यंत्र मागवलं. चपट्या पेटीसारखं असतं ते. कागद आत ठेवून लोहचुंबकाने अडकवायचा, ठसा झाकणाला आतून चिकटवायचा, झाकण मिटलं की ठसा उठतो. फिका उठला तर पुन्हा शाई लावून पुन्हा झाकण मिटायचं. तोच ठसा, त्याच जागी, केसभर न हलता. मामा ते बघून गंभीर झाले. "एकाच कागदावर तोच शिक्का दोनदा? आमच्याकडे याची चौकशी लागली असती."

या रबरी शिक्क्याचा इतिहास मी मामांना खास वाचून दाखवला, कारण तो त्यांच्या तोंडापर्यंत येतो. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ व्हायचं. अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयरने ते गंधकाबरोबर तापवून ठिकाणावर आणलं आणि १८४४ साली पेटंट घेतलं. या पक्क्या रबराचा एक मोठा उपयोग निघाला तो कवळ्यांसाठी. त्यामुळे तिथल्या दंतवैद्यांकडे रबर साच्यात घालून तापवायची छोटी भांडी आली, आणि १८६०च्या दशकात अमेरिकेत सुरुवातीचे रबरी शिक्के घडले ते या दंतवैद्यांच्या भांड्यांत. मामांनी ऐकता ऐकता कवळी काढून हातात घेतली. पुढे रबराची कवळी गेली आणि अ‍ॅक्रिलिकची आली. मामीच्या ठशामागचा ठोकळाही अ‍ॅक्रिलिकचाच. भाऊबंदकी कायम आहे.

खरी बाधा होते ती एम्बॉसिंग पावडरीने. पारदर्शक चिकट शाईने ठसा उठवायचा, त्यावर प्लॅस्टिकची बारीक सोनेरी भुकटी टाकायची, कागद झटकायचा, जादा भुकटी पुन्हा बाटलीत भरायची आणि वरून गरम हवेचं यंत्र धरायचं. भुकटी वितळते आणि कागदावर उंच, चकचकीत सोनं उभं राहतं. पहिल्यांदा बघणारा माणूस "आँ!" केल्याशिवाय राहत नाही, मीही केलं. हे केस वाळवायच्या ड्रायरने होईल असं प्रत्येकाला वाटतं. होत नाही. ड्रायरला वारा फार आणि ऊब कमी. भुकटी वितळायच्या आधी शेजारच्या ब्लॉकमध्ये जाते. शिवाय भुकटी नको तिथेही चिकटते, म्हणून ठसा उठवण्याआधी कागदावर पावडरीची पुरचुंडी फिरवायची असते. डोंबिवलीच्या जुलैत, हवाच पिळून काढता येते तेव्हा, पुरचुंडीही हात टेकते. त्या दिवसांत मामीकडे जेवायला गेलं की वरणात सोनं दिसायचं. मामांचं यावर एकच म्हणणं होतं: लाखेची कांडी आणि मेणबत्ती, साडेतीन रुपयांत काम.

आता चित्रं. ठसे परदेशी, त्यामुळे त्यांतलं जग परदेशी. रेनडिअर, देवदार, शेकोटीपुढचे मोजे, आणि का कोण जाणे, हेजहॉग. ठसे करणाऱ्यांचं हेजहॉगवर फार प्रेम आहे. फुगा धरलेला हेजहॉग, केक खाणारा हेजहॉग, छत्रीतला हेजहॉग. आमच्या एका आजोबांच्या पंच्याहत्तरीला मामीने फुगेवाला पाठवला. आजोबांनी भिंगातून नीट पाहिलं आणि फोन करून विचारलं की साळिंदर पाठवण्यामागे काही सुचवायचं आहे का.

पण हिमकणाचा ठसा मात्र तिने असा वापरला की मूळ कारागिराने नमस्कार करावा. हिमकणाला सहा भुजा असतात. गेरूच्या रंगाचा कागद, त्यावर पांढऱ्या भुकटीचा हिमकण, चार कोपऱ्यांत चार ठिपके. दिवाळीची ठिपक्यांची रांगोळी तयार. न्यू जर्सीतल्या माझ्या मामेबहिणीला ते कार्ड गेलं. तिनेच तो ठसा बॅगेतून आणून दिला होता. म्हणजे बर्फ तिकडून आला आणि रांगोळी होऊन परत गेला. हल्ली तिच्या बॅगेत आईसाठी बदाम-पिस्ते नसतात, शाई असते.

कागदाच्या बाबतीत मराठी घरं आधीपासून श्रीमंत. कपाटावर जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा असतोच. जाड, खानदानी कागद, मागून कोरा. मामीने कात्री चालवायला घेतली आणि दुसऱ्याच पत्रिकेवर थांबली. प्रत्येकीवर गणपती. तो ठेवून बाकीचं कापावं तर चौकोनी भोक, त्याच्यासकट वापरावं तर नेमका हेजहॉग त्याच्या डोक्यावर येतो, आणि कापून काढलेला गणपती टाकायचा कुठे? केराच्या टोपलीत टाकायची प्राज्ञा नाही. आता तिच्याकडे बिस्किटाच्या डब्यात गणपती जमले आहेत आणि डबा उचलताना ती नमस्कार करते. कार्डासाठी कागद ती क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवरून आणते. मागताना 'जाड' म्हणू नये, चौरस मीटरचे ग्रॅम सांगावेत; घड्या घालायच्या तर अडीचशे ते तीनशे. दुमडण्याआधी पट्टी धरून रिफिल संपलेल्या बॉलपेनाने रेघ ओढली की घडी फुटत नाही. यासाठीही विकतचं वेगळं हत्यार मिळतं. मामीकडे ते आहे. घडी मात्र ती बॉलपेनानेच पाडते.

मापांचा घोळ निराळाच. अमेरिकेतला कागद साडेआठ बाय अकरा इंच. अर्धा करून दुमडला की सव्वाचार बाय साडेपाचचं कार्ड होतं. व्हिडिओ त्या मापाचे, मामेबहिणीने आणलेली पाकिटंही त्याच मापाची. आपला ए-फोर अर्धा करून दुमडला तर १०५ बाय १४८ मिलिमीटर. हे कार्ड त्या पाकिटात जायला निघतं आणि शेवटच्या दोन मिलिमीटरांत अडून बसतं. नाक्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे पाकीट मागितलं तर तो आहेराचं देतो, वर रुपयाचं नाणं चिकटवलेलं. शेवटी मामीने एक पाकीट उसवून त्याचा पुठ्ठ्याचा बेत केला आणि आता पाकिटंही घरीच होतात.

पुढे पोस्ट. तीनशे ग्रॅमच्या कागदाचं एक कार्ड कोरं असतानाच नऊ ग्रॅमच्या वर भरतं. त्यावर दुसरा कागद, फोमचे तुकडे, मोती, रिबिन, आणि हे सगळं सांभाळणारं पाकीट, म्हणजे पत्राच्या पहिल्या वीस ग्रॅमांची हद्द कधीच ओलांडलेली. मामा स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाकीट ठेवतात आणि "एक मोती काढ" म्हणतात. मामी मोती काढत नाही, तिकीट वाढवते. मग खिडकीपलीकडचा माणूस, मामांचाच समव्यवसायी, तारखेचा शिक्का खांद्यापर्यंत नेतो. मामी डोळे मिटून घेते. मामा उघडे ठेवतात आणि परतताना त्या माणसाच्या मनगटाची तारीफ करतात.

मला विचाराल तर नवशिक्याने यातलं काहीच घेऊ नये. शाळेत चित्रकलेच्या तासाला ठसेकाम असायचं, तिथून सुरुवात करावी. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल फुकट मिळतं. बटाट्याचा चंद्र होतो. पुढची पायरी खोडरबर. बटर पेपरवर मऊ पेन्सिलीने चित्र काढायचं, पालथं घालून रबरावर घासायचं. ते आपोआप उलटं उतरतं आणि छापताना सुलटं येतं. मग नवीन ब्लेडने, ब्लेड बाहेरच्या बाजूला कलतं धरून, नको तो भाग काढायचा. देवनागरी कोरताना शिरोरेघेचा आधार मिळतो. मी एक कमळ कोरून मामीला नेऊन दिलं. तिने ते उठवून पाहिलं, लांब धरून पाहिलं.

"छान आहे रे," ती म्हणाली, "पण फारच हाताने केल्यासारखं दिसतं."

यात मामीची चूक नाही. कार्ड मिळालेल्या लोकांची आहे. ते आधी कार्ड उलटं करतात. मागे किंमत नसते, कंपनीचं नाव नसतं, तेव्हा "छान आहे, कुठून घेतलं?" असा फोन येतो. स्वतः केलं म्हटलं तर "हो का? अगदी विकतच्यासारखं झालंय" ही सर्वोच्च पदवी, आणि मागोमाग "किती पडलं?" काही जण तर फोनही करत नाहीत; गुलाबावर 'धन्यवाद' लिहिलेलं आयतं चित्र मोबाइलवर पुढे ढकलतात. कोलसाहेबांचे खरे वारसदार ते. मामीचा मात्र यातून निश्चय झाला की कार्डाच्या पाठीवर ते हाताने केलं आहे याची स्पष्ट नोंद पाहिजे. अशी नोंद करायला अर्थात इंग्रजी ठसे मिळतात. तिला मराठी हवा होता.

म्हणून आम्ही तिघं स्टेशनजवळच्या शिक्केवाल्याकडे गेलो. टपरीएवढं दुकान. बाहेर नमुन्यांचा फळा: सरचिटणीस, मुख्याध्यापक, प्रोप्रायटर, 'सत्य प्रत'. आत तोच पॉलिमर, निगेटिव्हवरून उजेडात पक्का केलेला, ज्याची परदेशी पाकिटं मामी हजार-दीड हजाराला आणते. इथे शंभर-दोनशेत, संध्याकाळी न्यायला या. आधी तिने 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' सांगितलं. त्याने लिहून घेतलं आणि मान वर न करता विचारलं, "संस्थेचं नाव वर की खाली?" संस्था नाही म्हटल्यावर पहिल्यांदा त्याने आमच्याकडे नीट पाहिलं.

"आणि दुसरा?"

"हाताने बनवलेले," मामी म्हणाली.

"गोल की चौकोनी?"

"गोल."

"खाली 'करिता' टाकून सहीला जागा सोडू?"

मामी विचारात पडली. मामा तोवर दाराशी उभे राहून फळ्यावरचे शिक्के वाचत होते. ते तिथूनच म्हणाले, "सोडा. आणि तारीख फिरती ठेवा."